पाजायला बाळ जवळ नसते तेव्हा



मिरजेहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या शिक्षिका आहेत, बाळ साडेचार महिन्यांचे आहे आणि रजा संपत आली आहे. शाळेत जाण्यापूर्वी दूध काढून ठेवावे असे त्यांच्या मनात आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की पिळून ठेवलेले दूध शिळे असते, ते लेकराला पाजू नये. धाकट्या जाऊबाई बाळंतीण आहेत, दिवसा त्या पाजतील, असा तोडगा घरातून निघाला आहे. पत्रात तीन प्रश्न आहेत. काढलेले दूध पाजणे शरीअतला धरून आहे का? दूध काढल्याने वुजू जातो का? आणि जाऊबाईंचा तोडगा मान्य करावा का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दोन ओळींत संपतात. आईचे स्वतःचे दूध छातीतून जावो की वाटीतून, ते तिचेच दूध आहे. त्यात मनाई कसली? दूध पाक आहे. ते काढल्याने किंवा कपड्याला लागल्याने वुजू जात नाही, त्या कपड्यावर नमाज होते आणि दूध काढल्याने रोजाही तुटत नाही. तिसरा प्रश्न मात्र दोन ओळींचा नाही. तो आमच्या घरात येऊन गेला आहे, तोही फार कठीण दिवसांत, म्हणून आधी ते सांगतो.

आमच्या धाकट्या सुनेचे बी.पी. आठव्या महिन्यात अचानक चढले. डॉक्टरांनी थांबू दिले नाही. सिझर झाले आणि १ किलो ७०० ग्रॅमची नात काचेच्या पेटीत गेली. मुलगा कुवेतला. आम्ही, थोरली सून, सुनेची अम्मी अशा बायका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या. बाळाला अजून ओढून पिता येत नव्हते. गिळणे, चोखणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तिच्या नाकातून बारीक नळी पोटात घातली होती. त्या नळीतून काय द्यायचे, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी आला. डॉक्टर म्हणाले, आईचे दूध आणा.

आता ज्या आईने बाळाला धड पाहिलेही नाही, जिच्या पोटाला टाके आहेत, सलाइन सुरू आहे, तिने दूध कुठून आणायचे? आमची चार बाळंतपणे झाली, पण बाळ छातीशी नसताना पान्हा कसा फुटवायचा हे आम्हाला माहीत नव्हते. शिकवले ते तिथल्या एका सिस्टरने. हात स्वच्छ धुवायचे. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल छातीवर काही वेळ ठेवायचा, हलक्या हाताने गोल चोळायचे. मग अंगठा वर आणि बोटे खाली, बोंडापासून साधारण दोन बोटे मागे ठेवायची, काळा भाग संपतो त्या सुमारास. आधी मागे, बरगडीकडे दाबायचे, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे दाबायचे आणि सोडायचे. दाबा, सोडा, दाबा, सोडा. बोटे कातडीवर घासत पुढे न्यायची नाहीत आणि बोंड ओढायचे नाही. आमच्याकडे बायका बोंडच पिळतात, त्याने दूध येत नाही, जखम मात्र होते. थोड्या वेळाने बोटांची जागा फिरवायची, म्हणजे चहूबाजूंच्या गाठी मोकळ्या होतात. एका बाजूला पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली. सारे मिळून वीस ते तीस मिनिटे. दुखत असेल तर हात चुकतो आहे असे समजावे.

पहिल्या खेपेला चमच्याचे बूड ओले झाले, एवढेच. पिवळसर, चिकट चीक. सून ते पाहून रडू लागली, "अम्मी, एवढंसं? माझी मुलगी उपाशी राहील." तिची अम्मीही रडू लागली. सिस्टरने मात्र ते थेंब इंजेक्शनच्या छोट्या सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि जपून आत नेले. म्हणाली, आज तिला एवढेच लागते. खरे आहे ते. पहिल्या दोन दिवसांत चीक चमच्यानेच मोजायचा असतो, पण रोगाशी लढण्याची जी ताकद त्यात आहे ती कोणत्याही डब्यात मिळत नाही. चीक दाट आणि थोडा असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत यंत्रापेक्षा हातानेच तो चांगला निघतो. पंपात घातला तर अर्धा भिंतींनाच चिकटून राहतो.

दुसरा नियम सिस्टरने जरा दरडावूनच सांगितला. चोवीस तासांत किमान आठ वेळा काढायचे आणि त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची हवी. रात्री दूध तयार करणारा स्राव शरीरात अधिक असतो, आणि जितके काढाल तितके तयार होते. आम्ही वेळा नमाजशी बांधल्या, म्हणजे विसरायला नको. फज्र, मग सकाळी नऊ, जुहर, असर, मगरीब, इशा, रात्री साडेअकरा आणि तहज्जुदच्या सुमारास एकदा. तहज्जुदला आमच्या सासूबाई उठतातच, घरात सगळे त्यांना दादी म्हणतात. सुनेला उठवायचे काम त्यांच्याकडे दिले. हे फार उपयोगी पडले, त्याचे कारण पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी थोरल्या सुनेने ती गोष्ट काढली. तिचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि तिला दूध भरपूर होते. ती म्हणाली, "अम्मी, माझं दूध वाया जातंय. मी देते ना पोरीला. ही बिचारी किती रडते." मन किती मोठे म्हणावे! आम्हाला भरून आले. हो म्हणणारच होतो, तेवढ्यात दादींनी फोनवरून विचारले, "आणि पुढं?"

पुढचे असे. दूध पाजल्याने नाते लागते. सूरह निसाच्या २३ व्या आयतीत ज्यांच्याशी निकाह हराम आहे त्यांच्यात दूध पाजणारी आई आणि दूधबहीण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन वर्षांच्या आत बाळ जिचे दूध पिते ती त्याची दूधआई, तिचा नवरा दूधबाप, तिची आधीची आणि नंतरची सारी मुले दूधभावंडे. वारसाहक्क त्यातून येत नाही, पण निकाह कायमचा बंद होतो आणि पडदा उरत नाही. हे नाते फक्त पिणाऱ्या बाळापुरते असते. त्याच्या सख्ख्या भावाबहिणींना ते लागू होत नाही. छातीला लावले नाही, वाटीने पाजले किंवा नळीने पोटात गेले तरी बहुतेक इमामांच्या मते नाते लागतेच.

कितीदा पाजल्यावर? इथे आमच्या घरात गंमत आहे. आम्ही माहेरच्या घाटावरच्या, हनफी; सासर कोकणातले, शाफई. हनफी मताने एक घोट पोटात गेला तरी नाते लागले. शाफई मताने पाच वेगवेगळ्या वेळा पाजणे झाले पाहिजे. एकाच व्हरांड्यात बसून आम्ही आणि सुनेची अम्मी दोन वेगळे हिशेब करत होतो.

याचा अर्थ दूधआई होणे वाईट असा कुणी काढू नये. आपल्या प्रेषितांना (स.) आधी सुवैबा यांनी आणि मग हलीमा सादिया यांनी पाजले. हजरत हमजा (र.) हे नात्याने चुलते, पण सुवैबांच्या दुधाने दूधभाऊही. पुढे हुनैनच्या लढाईनंतर कैद्यांमध्ये दूधबहीण शैमा आल्या, तेव्हा आपण (स.) त्यांच्यासाठी चादर अंथरली. एवढ्या मानाचे नाते आहे ते. पण मानाचे आहे म्हणूनच ते कळून-सवरून जोडावे आणि लिहून ठेवावे. घाईत चार वाट्या पाजायच्या आणि वीस वर्षांनी साखरपुड्याच्या दिवशी एखाद्या खालाला आठवायचे, हे आम्ही एका घरात पाहिले आहे. ठरलेला निकाह मोडला. त्या मुलीचे काय झाले असेल, याचा विचार कुणी केला नाही.

आमच्याकडे मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, गरज असेल तर बेशक पाजा, यात गुनाह नाही, फक्त नाते मान्य करा आणि दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांसमोर नोंद ठेवा. थोरलीने तिच्या बाजूने तयारीही केली. डॉक्टरांनी मात्र आणखी एक दिवस थांबायला सांगितले आणि तोवर आईचे दूध पुरत नव्हते त्या वेळेला डब्याचे दूध दिले. त्यावरून सुनेला फार अपराधी वाटले. आम्ही तिला सांगितले आणि इथेही सांगतो, औषध म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या दोन दिवसांच्या दुधासाठी कुठल्याही आईने मान खाली घालू नये. घरच्या घरी, कुणी न सांगता, बाळ रडते म्हणून डबा आणणे ही वेगळी गोष्ट.

चौथ्या रात्री, तहज्जुदला, दूध उतरले. दादींनी सुनेच्या हातात बाळाचे दुपटे दिले होते. दवाखान्यातून मुद्दाम न धुता आणलेले, बाळाच्या वासाचे. कुवेतहून मुलाने पेटीतल्या बाळाचा व्हिडिओ परत पाठवला होता, तो ती पाहत होती. बाळाचा वास, बाळाचा आवाज, नुसती आठवण यांनीसुद्धा पान्हा फुटतो. भीतीने आणि टोमण्यांनी तो अडतो. ३५ मिली! दादींनी वाटी दिव्याखाली धरून पाहिली आणि मग दोन रकात शुक्राना पढला. थोरलीचे दूध लागले नाही.

सुनेला घरी सोडले, बाळ आणखी सोळा दिवस तिथेच राहिले. दवाखाना घरापासून पाऊण तासावर. दिवसा सून जायची, बाळाला उघड्या छातीशी कांगारूसारखे धरून बसायची. तिथून परतल्यावरच्या खेपेला दूध नेहमी जास्त निघे. रात्रीचे दूध फज्रनंतर आमचे मालक घेऊन जात. थर्मासमध्ये बर्फ, त्यात स्टीलच्या झाकणाच्या छोट्या डब्या. मोठ्या आवाजाचे, दरारा असलेले गृहस्थ, पण त्या पिशवीला सोळा दिवस एसटीत कुणाचा धक्का लागू दिला नाही.

त्यांनीच एके दिवशी एक चूक पकडली. त्या विभागात दोन आया शेख होत्या. डब्यांवर नुसते 'बेबी ऑफ शेख' लिहिलेले. आमची डबी दुसऱ्या बाळाच्या ट्रेमध्ये ठेवली गेली होती. झाकणाला दादींनी निळा दोरा बांधलेला होता म्हणून ती ओळखू आली. वैद्यकीय धोका तर आहेच, पण आपल्या हिशेबाने तो एका अनोळखी घराशी नाते जोडण्याचा प्रकार झाला असता, दोघांनाही कधी न कळता. त्यानंतर प्रत्येक डबीवर आईचे पूर्ण नाव, बाळाचा केस नंबर, तारीख आणि काढल्याची वेळ लिहिली. शेख, पठाण, सय्यद, खान ही नावे एका वॉर्डात चार-चार असतात. बाळ दवाखान्यात असेल तर हे विसरू नका.

दूध पेढीचा प्रश्नही इथेच येतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली आणि आता अनेक शहरांत अशा पेढ्या आहेत. त्यांनी कमी वजनाच्या कितीतरी बाळांना हात दिला आहे. तिथे अनेक आयांचे दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, त्यामुळे कुणाचे दूध कुणाला गेले हे सांगता येत नाही. याच कारणाने जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८५ मध्ये अशा पेढ्यांच्या विरोधात मत दिले. शेख यूसुफ अल-करजावी यांनी मात्र छातीशी पिणे झाले नाही आणि दूधआई कोण ते निश्चित नाही, म्हणून परवानगी दिली होती. उलेमांत मतभेद आहेत. बाळाच्या जिवाचा प्रश्न असेल तर तिथेच वाद घालत बसू नये, आपल्या आलिमांना फोन करावा. आणि आईने स्वतःचे दूध पहिल्या सहा तासांतच काढायला घेतले, तर बऱ्याच घरांत हा प्रश्न येतच नाही.

आता मिरजेच्या भगिनीसाठी. तुमच्या सासूबाईंची शंका आमच्या दादींनाही होती. फ्रिजमधली डबी काढली तर वर पिवळट साय आणि खाली निळसर पाणी. "फाटलं की गं हे!" म्हणून त्या ओतायलाच निघाल्या होत्या. ते फाटलेले नसते. आईच्या दुधात स्निग्धांश वर येतो; डबी हलक्या हाताने फिरवली की एकजीव होते. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, तोही खराबीचा नव्हे. आंबट, नासका वास आला तर मात्र टाकावे.

किती टिकते? खोलीत २५ अंशांपर्यंत उष्मा असेल तर चार तास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली २५ अंशांची कुठे असते? म्हणून काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, भिंतीलगत. तिथे चार दिवस चालते, पण जिथे वीज जाते-येते तिथे २४ तासांच्या पुढे जाऊ नये, आणि लहान वजनाच्या बाळासाठी डॉक्टर सांगतील तेच खरे. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये तीन महिने तरी. नवे कोमट दूध जुन्या गार दुधात ओतू नये, आधी गार करावे. डब्यांवर तारीख घालावी आणि जुने आधी वापरावे.

पाजताना ते गॅसवर तापवू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवायची, कोमट होईल तेवढेच. एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचे नाही. बाळाने तोंड लावून उरलेले दोन तासांत संपवावे, नाहीतर टाकावे. बाटलीपेक्षा बोंडले किंवा छोटी वाटी-चमचा बरा. धुवायला सोपे, आणि बाळाला बाटलीच्या बोंडाची सवय लागत नाही. दादींनी माळ्यावरून चांदीचे बोंडले काढले होते, आम्ही स्टीलचे घेतले. उकळायला बरे पडते.

पंपाचे म्हणाल तर नोकरी करणाऱ्या बाईला तो सोयीचा आहे. हाताचा स्वस्त असतो, विजेचा महाग. बोंडाला बसणारी कुपी मापाची हवी, नाहीतर चरे पडतात. दूध लागणारे सारे भाग प्रत्येक वेळी साबणाने धुऊन रोज उकळावेत. मैत्रिणीचा वापरलेला पंप घेऊ नये. आणि पंपात कमी आले म्हणून दूध कमी आहे असे समजू नये, बाळ पंपापेक्षा बहुधा जास्त ओढते. शाळा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून सकाळच्या पाजण्यानंतर एकदा काढत जा, साठा होईल आणि हातही बसेल. शाळेत दर तीन तासांनी काढावे लागेल, नाहीतर छाती दगडासारखी होते, गाठी येतात. एखादी जागा लाल होऊन ताप भरला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणे थांबवू नका. कायद्याने काही आस्थापनांत बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी पाळणाघर लागते. तुमच्या शाळेला यातले काय लागू होते ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा. एक बंद खोली आणि वीस मिनिटे, एवढे तरी बहुतेक जण नाकारत नाहीत.

राहिला जाऊबाईंचा तोडगा. तुमच्याकडे गरज आहे असे आम्हाला वाटत नाही, कारण तुमचे दूध आहे. तरी दोघींच्या मनात असेल तर दोन्ही नवऱ्यांना आणि सासूबाईंना बसवून, तुमच्या या बाळाचा जाऊबाईंच्या कोणत्याही मुलाशी निकाह होणार नाही हे समजून, कागदावर लिहून मगच पाजू द्या. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत पाजण्याचा काळ, बापाने उचलायचा खर्च आणि दुसरीकडून पाजवून घेण्याची मुभा, हे सारे एकत्र आले आहे. त्याच आयतीत बाळाच्या कारणाने आईला त्रास होऊ नये, असेही आहे. सासूबाईंना ती भाषांतरासह वाचून दाखवा. तुम्ही वाचण्याऐवजी तुमच्या मालकांनी वाचली तर अधिक चांगले.

आमची नात आता दोन वर्षांची होत आली आहे. निळा दोरा असलेली एक डबी दादींनी ठेवून दिली आहे, त्यात त्या लवंगा ठेवतात. दूध तोडण्याबद्दल दोन-तीन पत्रे आली आहेत. पुढच्या महिन्यात, इंशाअल्लाह, त्यावर लिहू.